पेजेतला चुना

आडाळ्यावर बसून नारळ खवत होते आणि माझं मनगट मोडलं. पडले नाही, घसरले नाही, कोणी हात ओढला नाही. अर्धी कवड खवून झाली होती, उरलेलीला जरा जोर लावला, आणि आतून सुकी काटकी मोडावी तसा आवाज आला. मी नुसती हाताकडे बघत राहिले. रक्त नाही, काही नाही. खवलेलं खोबरं ताटात तसंच पांढरं पडलेलं.

सासू चुलीकडे होती. तिलाही आवाज गेला.

"काय मोडलंस गो? आडाळो?"

"आये, हात."

"हात कसो मोडात? नारळ खवताना कोणाचो हात मोडता?"

मग ती उठून आली, हात उचलून बघितला, मी ओरडले, आणि तिचं पान चावायचं थांबलं. चेडू, माझी लेक, तेव्हा सात महिन्यांचं. चटईवर पालथं पडून आम्हा दोघींकडे बघून हसत होतं, त्याला वाटलं आम्ही काहीतरी खेळतोय.

त्याच्या आधीपासूनच काय काय चाललं होतं, पण त्याला आजार कोण म्हणणार. तहान लागायची, तांब्यावर तांबे पाणी प्यायचे, तरी जीभ कोरडी. विहिरीच्या चार पायऱ्या चढताना मांड्यांत जीव नसायचा. एकदा मुतखड्यानं गडाबडा लोळवलं, तो पडून गेला, आणि सगळे म्हणाले सुटलीस. आमटीत मीठ दोनदा घालायचे, नाहीतर घालायचेच नाही. घोव, माझा नवरा, बोटीवरून आला की चेष्टा करायचा, "आये, माझी बायल खंय ठेवलंस? ही कोणतरी दुसरीच आसा." मी पण हसायचे. बाळंतीण बाई म्हणजे अशीच असणार, असं सगळ्यांना वाटायचं, मलाही वाटायचं.

आणि सगळ्यांचं लक्ष होतं चेडवाकडे. कारण जन्मल्यावर नवव्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. थंडी वाजते तसे, पण थंडी नव्हती. मग डोळे एका बाजूला गेले, ओठ निळे, अंग लाकडासारखं. सासूनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, मी नुसती किंचाळत होते, आणि घोव तसाच उघड्या अंगानं रिक्षा आणायला धावला. सावंतवाडीच्या बालडॉक्टरांनी इवल्याशा हातात सुई घालून सलाईन लावलं. म्हणाले, बाळाच्या रक्तात कॅल्शियम एकदम कमी झालंय.

सासूनं विचारलं, "म्हणजे चुनोच मा?"

"हो आजी, चुनाच म्हणा," डॉक्टर हसून म्हणाले.

ते हसून म्हणाले, पण सासूनं ते काळजात धरून ठेवलं. सहा दिवसांनी चेडू बरं होऊन घरी आलं, परत कधी तसं झालं नाही, पण सासूचा हिशेब पक्का झाला होता. दुधात चुनो नाय. आवशीच्या अंगातच नाय तर चेडवाक खंयसून मिळतलो?

तिचं माहेर शिरोड्याचं, खाडीकाठचं. तिचे वडील शिंपले भाजून चुना करायचे. आता भट्ट्या गेल्या, पण एका म्हाताऱ्याकडून ती अजून तो शिंपल्यांचा चुना आणायची, बाजारातल्या नळीतल्या चुन्याला ती रंग म्हणायची. कमरेला पितळेची डबी. त्यातून तांदळाच्या दाण्याएवढा चुना काढून रोज सकाळी माझ्या पेजेत ढवळायची. मी ती पेज प्यायचे. माझ्यासमोरच घालायची, चोरून नाही. डॉक्टरांनी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या होत्या त्याही घ्यायचे. गोळी, पेज, चुना. आणि हाडं दुखायची ती दुखतच होती, उलट जास्तच, तर सासू म्हणायची, "बघ, अजून पुरोक नाय."

हात मोडला तेव्हा हाडांच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला आणि मला माझं वय विचारलं. मी सांगितलं, तेवीस. त्यांनी परत फोटो बघितला, परत मला बघितलं. म्हणाले, हे साठ वर्षांच्या बाईचं हाड आहे. प्लास्टर घातलं आणि रक्त काढून पाठवलं. दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. गोळ्या आजच्या आज बंद करा, तुमच्या रक्तात कॅल्शियम कमी नाही, फार जास्त आहे, घाट चढून मोठ्या हॉस्पिटलात जा, उशीर करू नका.

मला काही कळेना. हाडं मऊ, आणि चुना जास्त?

घाटावरच्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गळा काढून दाखवला. माणसाच्या गळ्यात मागच्या बाजूला चार बारक्या ग्रंथी असतात, तांदळाएवढ्या. रक्तात कॅल्शियम किती ठेवायचं ते त्या बघतात. कमी पडलं की हाडातून थोडं मागून घेतात, पुरेसं झालं की गप्प बसतात. तुमच्यातली एक गप्प बसत नाहीये, त्या म्हणाल्या. ती मोठी झालीये आणि हाडातून ओढतच सुटलीये. हाडं रिकामी होतायत आणि रक्त भरतंय, मुतखडा त्यातूनच झाला, तहान त्यातूनच. आणि बाळाचे झटकेही. बाळ पोटात होतं तेव्हा तुमच्या रक्तातून त्याला आयतं मिळत होतं, म्हणून त्याच्या स्वतःच्या ग्रंथी झोपून राहिल्या. नाळ कापली आणि एकदम बंद झालं.

म्हणजे चेडवाला माझ्यामुळे झालं.

"ती काढून टाकली की बरं वाटेल," बाई म्हणाल्या. "पण आधी कुठं आहे ते कळायला हवं. सोनोग्राफीत दिसली नाही. स्कॅनमध्ये दिसली तर नेमकी तेवढीच काढता येईल. नाही दिसली तर अख्खी मान उघडून शोधावं लागेल, आणि मिळेलच असं नाही."

"आणि नाय मिळाली तर?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "हे असंच चढत राहिलं तर शुद्ध जाऊ शकते. हृदयावर येऊ शकतं. तोपर्यंत दूध, गोळ्या, कॅल्शियमचं काहीही नको. भरपूर पाणी."

घरी आल्यावर मी सासूला सगळं सांगितलं. ती ऐकत बसली, सुपारी कातरायची थांबली नाही. म्हणाली, "बरा. बंद करूया." त्या दिवसापासून तिनं माझ्यासमोर पेजेत चुना घातला नाही.

महिन्याभरानं परत रक्त तपासलं. आकडा खाली यायला हवा होता. तो वर गेला होता. डॉक्टरीणबाईंनी फोनवर दोनदा विचारलं, गोळ्या नक्की बंद आहेत ना? दुसरं काही घेताय का, काही गावठी औषध, काही? मी देवाशपथ म्हणाले, काही नाही. डॉक्टर माणूस फोनवर गप्प होतो तेव्हा कानात समुद्रासारखं वाजतं. त्या म्हणाल्या, आपण थांबू शकत नाही, स्कॅनला परवाच या.

घोव समुद्रात होता. बोट जाऊन दोन दिवस झाले होते, फोन लागेना. जाताना विचारून गेला होता, "रवू काय घरी?" आणि मीच म्हणाले होते, "जा, बोटीर माणूस कमी आसा." तेव्हा स्कॅनची तारीख महिन्यानंतरची होती. तर मी, सासू आणि चेडू, तिघी उजाडताना शेजारच्या गाडीनं निघालो. चेडवाला मागे ठेवता येत नव्हतं, ते अजून अंगावर होतं, वरचं दूध बाटलीनं नुकतं शिकवत होतो. आंबोलीच्या वळणांवर मला सारखी ओकारी येत होती, सासू माझी पाठ चोळत होती आणि दुसऱ्या हातानं चेडू धरून होती, आणि पुटपुटत होती, गावच्या देवाला, कुणकेश्वराला, वेतोबाला, जो रस्त्यात आठवेल त्याला.

स्कॅनचं खातं तळघरात. जाड दार, त्यावर पिवळ्यावर काळं पंख्यासारखं चिन्ह, आणि खाली लिहिलेलं, गरोदर स्त्रिया व लहान मुलांनी आत येऊ नये. चेडू सासूच्या कडेवरून त्या चिन्हाला हात लावायला वाकत होतं.

मशीनवरच्या मुलीनं मला सगळं समजावलं. शिरेत औषध देणार, त्यात थोडा किरणोत्सार असतो. ते रक्तातून फिरतं आणि ज्या ग्रंथी जास्त काम करतात त्यांच्यात जाऊन बसतं. पहिला फोटो लगेच, तेव्हा गळ्यातलं बरंच काही चमकतं. दुसरा दोन तासांनी, तोवर चांगल्या भागातून ते निघून जातं. बिघडलेली ग्रंथी मात्र धरून ठेवते. म्हणून ती तेवढी उरलेली दिसते.

"आणि ताई, इंजेक्शन दिल्यापासून उद्या सकाळपर्यंत बाळाला अंगावर पाजायचं नाही. कडेवरही घ्यायचं नाही. तुम्हाला त्रास नाही, पण ते लहान आहे."

मला कोणी हे आधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, मी विसरले? आता माझा माझ्यावरच भरवसा नव्हता. मी म्हटलं, मग आता शेवटचं पाजू? ती म्हणाली, पाजा ना. बाहेर जिन्याखाली बसून मी पाजलं. प्लास्टर नुकतं निघालं होतं, हात काटकुळा झाला होता, आणि त्या हातावर चेडवाचं डोकं. ते पीत होतं आणि माझ्या मंगळसूत्राशी खेळत होतं, आणि माझ्या मनात आलं, हेच शेवटचं असलं तर? मग सासूकडे दिलं. सासू म्हणाली, "भिया नको. जा. देव बघता."

औषधाची सुई शिशाच्या जाड डबीतून आली. त्या मुलीनं ती अशी धरली होती जशी आमच्याकडे पोरं विंचू काठीवर धरतात. शिरेत गेली तशी माझ्या तोंडाला लोखंडाची चव आली, गंजलेली कडी चाटावी तशी. खांद्याखाली उशी घालून मान मागे ताणली. मशीनची चौकोनी पाटी खाली येत येत नाकाशी थांबली. गिळायचं नाही, हलायचं नाही. आणि गिळायचं नाही म्हटलं की तोंडभर पाणी सुटतं. मी डोळे मिटले तर चेडवाचे निळे ओठ दिसायला लागले, म्हणून उघडे ठेवले. पाटीवर एक बारीक ओरखडा होता. मी त्या ओरखड्याकडे बघत राहिले.

मग दोन तास थांबायचं. ज्यांना औषध दिलंय त्यांची खोली वेगळी, त्यांनी बाहेर जायचं नाही. तिथं एक म्हातारे गृहस्थ होते, काळजाच्या तपासणीला आलेले. मला रडताना बघून म्हणाले, "पोरी, आता आपण दोघं दिवे झालो. घरी जाऊन बायकोला सांगतो, आज वीज लावू नको, मी आहे." मला हसू आलं, आणि हसताना जास्तच रडू आलं.

मग बाहेर चेडू रडायला लागलं.

दार जाड होतं, तरी ऐकू येत होतं. आधी कुरकुर, मग भुकेचं, मग ते रागाचं रडणं ज्यात मध्येच श्वास थांबतो. मी श्वास मोजत होते. त्याचा श्वास थांबला की माझाही, आणि परत सुरू झाला की मग घ्यायचे. सासूचा आवाज येत होता, "आसा आसा, आवय हयच आसा." माझ्या छातीत दूध भरून आलं, ब्लाऊज भिजला, पदर भिजला. त्या म्हाताऱ्यांनी तोंड भिंतीकडे केलं. मी संडासात जाऊन दूध बेसिनात पिळलं. आमच्याकडे आईचं दूध पायदळी टाकत नाहीत, जास्त झालं तर माडाच्या मुळात ओततात. इथं कुठला माड. नळ सोडला आणि ते वाहून गेलं, आणि ते बघताना मला कळलं की त्यातही ते औषध आहे, माझ्या अंगात आता असं काहीच उरलं नाही जे चेडवाला देता येईल.

दुसऱ्या फोटोला आत नेलं. परत उशी, परत पाटी, परत तो ओरखडा. झाल्यावर ती मुलगी म्हणाली, पडून राहा. ती काचेपलीकडे गेली. मला मान हलवायची नव्हती, मी डोळे तिरके करून बघितलं. ती पडद्याजवळ वाकली होती. मग तिनं कोणालातरी फोन केला. मग स्कॅनचे डॉक्टर आले, चष्मा कपाळावर. ते पण वाकले. मग डॉक्टर सरळ झाले आणि दार अर्धं उघडं होतं म्हणून मला ऐकू आलं.

"मान तर रिकामी आहे."

मी तिथं पडले होते आणि मला वाटलं, हे माझ्याबद्दल नाही. मान रिकामी. म्हणजे नाही दिसली. म्हणजे उघडून शोधणार, आणि मिळेलच असं नाही. शुद्ध जाईल, हृदयावर येईल. मी मनात घरातली भांडी कुठं कुठं ठेवलीयत ते आठवायला लागले, कोणाला सांगून ठेवायला हवं म्हणून. चेडवाचे औषधाचे थेंब फळीवर, त्याचं गरम झबलं पेटीत. असलं काहीतरी.

डॉक्टर बाहेर गेले, माझ्या माणसांना सांगायला की वेळ लागेल. दार तसंच राहिलं. चेडू आता झोपलं असावं, आवाज नव्हता. सासूनं विचारलं, "गावली काय, सायबानू?"

"मानेत काही दिसत नाही आजी. अजून फोटो काढतोय."

मग सासूचा आवाज, पण तसा मी तो कधी ऐकला नव्हता.

"माझ्या चुन्यान ती झाकली काय?"

"कसला चुना?"

"मी घालतंय. पेजेत. रोज."

"आजी, काय घालता?"

आणि सासू ऑफिसात बोलतात तसलं मराठी बोलायला लागली, तोडकं, हात जोडल्यासारखं. "साहेब, माझा गुन्हा झाला. शिंपल्याचा चुना. आधी एक दाणा घालत होते. हिनं सांगितलं बंद करायचा, तर मी हिच्यासमोर बंद केला. मला वाटलं, रक्तात चुना जास्त असता तर हाड मोडतंच कशाला? मशीन चुकली असणार. गोळीतला चुना खोटा, तो रक्तात नुसता फिरतो. शिंपल्याचा हाडात जातो. म्हणून..."

"म्हणून काय?"

"हात मोडल्यापासून दोन दाणे घालतंय."

मला आठवलं, गेला महिनाभर पेज खारट लागायची. मी म्हणायचे, आये, मीठ जास्त झालं. ती म्हणायची, लोणच्याचा खार घातलंय, तोंडाक चव येय म्हणान.

मला राग यायला हवा होता. मी देवाशपथ म्हणाले होते डॉक्टरीणबाईंना. आकडा चढत होता आणि मी रोज सकाळी त्या आकड्यालाच पेज पाजत होते. पण तिथं पडल्या पडल्या मला फक्त तिचा हात दिसत होता, डबीतून नखावर चुना घेणारा, आणि ढवळताना "पी गो, ऊन आसा तवसर" म्हणणारा आवाज.

डॉक्टर शेवटी म्हणाले, आणि हळू म्हणाले, "चुन्यानं ती झाकली जात नाही. पण आजी, आगीत तेल ओतलंत तुम्ही. आज डबी बंद."

"झाकणार नाय मा? नक्की?"

"नाही झाकणार. शोधतो मी. तुम्ही बसा."

ते आत आले आणि त्या मुलीला म्हणाले, आता खाली घे, छातीपर्यंत. कधी कधी त्या ग्रंथी जागेवर नसतातच, त्यांनी मला सांगितलं. आईच्या पोटात असताना त्या वरून खाली येतात, एखादी वाट चुकते आणि भलतीकडे जाऊन राहते. आता मशीन माझ्याभोवती फिरायला लागलं, हळूहळू, घरघर करत, एक पाटी अंगावरून आणि एक अंगाखालून. मी हात डोक्यावर घेऊन पडले होते. मोडलेल्या मनगटात कळ येत होती. किती वेळ गेला ठाऊक नाही.

मग त्या मुलीनं काचेवर बोटानं टकटक केलं आणि मान हलवली. हसली नाही. पण हलवली.

त्यांनी मला पडद्यासमोर बसवून दाखवलं. काळ्या पडद्यावर माझं काळीज चमकत होतं. ते औषध काळजातही बसतं, त्याला घाबरू नका, डॉक्टर म्हणाले. मोठं, वाकडं, जळतं काळीज. आणि त्याच्या वर, दोन बोटांवर, एक ठिपका. एकटाच. मिटायचा होता तो मिटला नव्हता.

"ही बघा. छातीच्या मधल्या हाडामागे. इथं असं काही चमकायला नको."

"काढता येता मा?"

"कुठं आहे ते आता कळलं, ही मोठी गोष्ट आहे." ते चष्मा पुसायला लागले. "पण जागा अवघड आहे. मोठ्या रक्तवाहिन्या आहेत बाजूला. ते सर्जन ठरवतील, कुठून जायचं. आधी तुमचं कॅल्शियम खाली आणावं लागेल, त्याशिवाय कोणी हात लावणार नाही."

तेवढं सांगून त्यांनी मला जायला सांगितलं. डॉक्टरीणबाईंचा निरोप आला, चार दिवसांनी भरती व्हा, सलाईनवर ठेवू, आणि पेज तुम्ही बनवू नका असं आजींना सांगा. त्यांनाही कळलं होतं.

परतीच्या गाडीत मी मागच्या सीटवर कोपऱ्यात, सासू आणि चेडू पुढे ड्रायव्हरशेजारी. चेडू मागे वळून माझ्याकडे हात करत होतं, मी हात करत नव्हते. आंबोलीला एवढं धुकं होतं की समोरच्या गाडीचे दिवे जवळ आल्यावरच दिसायचे. सासूनं सवयीनं पान काढलं, देठ खुडलं, सुपारी ठेवली, कात ठेवला, आणि बोट कमरेच्या डबीकडे गेलं. तिथंच थांबलं. मग तिनं तसंच पान मिटून तोंडात टाकलं.

चुन्याशिवाय पान रंगत नाही. सावंतवाडी आली, माणसं दिसायला लागली, दुकानं दिसायला लागली, तरी तिचे ओठ पांढरेच.

"आये," मी मागून म्हणाले, "तू खा तुझ्या पानात. तुका काय मनाई आसा?"

"गप रव."

"अगो पण..."

"गप रव म्हणतंय तुका. शिरा पडो त्या गाठीर, आणि माझ्या हातार." मग समोर बघतच, "माका वाटला, मी तुझी हाडां भरतंय गो."

मी पण तेच समजून पीत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उन्हं अंगणात आल्यावर, मी चेडवाला घेतलं. पाजायला बसले तर त्यानं तोंड फिरवलं. एका दिवसात बाटलीची चटक लागली होती. माझ्याकडे बघितलं, जसं आमच्या अंगणात आलेल्या परक्या बाईकडे बघतं तसं, आणि सासूकडे झेपावलं. सासूनं घेतलं नाही. हात मागे बांधून उभी राहिली. "आवशीकडेच रव," म्हणाली, आणि आत गेली. दुपारपर्यंत चेडवानं धरलं परत, पण ती सकाळ माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आता परवा जायचं आहे. घोव आलाय, बोट लावून ठेवलीय त्यानं, सारखा माझ्या मागे मागे असतो आणि काही बोलत नाही, चेष्टाही करत नाही, त्याचीच जास्त भीती वाटते. पेज आता मीच करते, एका हातानं. सासू वाडग्यातला पहिला घोट माझ्यासमोर स्वतः पिते आणि मग मला देते. मी सांगितलं नको करू असं, ऐकत नाही.

दुपारी चेडू माझ्या अंगावर झोपतं. त्याची एक सवय आहे, पहिल्यापासूनची. डोकं बरोबर छातीच्या मधल्या हाडावर ठेवतं आणि घुसळतं, जागा करतं, मग झोपतं. मला आता माहीत आहे तिथं खाली काय आहे. कधी कधी वाटतं, त्याला ती गाठ हलताना ऐकू येत असेल. मी त्याचं डोकं उचलून हळूच खांद्याकडे सरकवते. ते झोपेतच परत तिथं येतं.